जुन्या फटफटीच्या धूर-नळीचा सांधा

आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक जावा मोटारसायकल आहे. वयानें ती माझ्याहून वडील. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियांतील; १९६१ पासून ती म्हैसूर येथें तयार होऊं लागली, व तेथील कारखाना १९९६ मध्यें बंद पडला. अर्थात् तिचा एखादा मूळ भाग नासला तर तो सहजासहजीं मिळत नाहीं.

विशींत असतांना मीं तिची धूर-नळी बसविली. सांध्यांतून फटफट आवाज येतच राहिला, म्हणून हुक-पान्यावर लोखंडी नळा चढवून मीं सर्व बळ लाविलें. कडें फिरलें खरें, पण सिलिंडराच्या तोंडावरील आटे कापले गेले! लेथवाल्याकडे तेथें धातु भरून नवे आटे पाडून घ्यावे लागले, आणि तीन आठवडे वडील सायकलीनें कामावर गेले. ते रागावले नाहींत. “अरे, नळी आधीं बसूं दे, मग आवळ,” एवढेंच म्हणाले.

विद्यार्थ्यांनो, या वाक्यांत पुष्कळ पदार्थविज्ञान आहे. इंजिनांतून जळलेला वायु अखंड वाहत नाहीं. तो धक्क्याधक्क्यानें बाहेर पडतो. प्रत्येक धक्क्यामागून नळींतील दाब क्षणभर बाहेरील हवेहूनही कमी होतो. सांधा सैल असेल तर बाहेरची हवा आंत शिरते, न जळलेलें पेट्रोल तेथें पेटतें व बार उडाल्यासारखा आवाज होतो. जावाच्या पेट्रोलांत तेल मिसळलेलें असतें, त्यामुळें सांध्याखालीं काळा चिकट ओघळ दिसला कीं गळती ओळखावी.

आतां वडिलांच्या वाक्याकडे वळूं. मीं मागचा, सायलेन्सरचा बोल्ट प्रथम आवळला होता. त्यानें नळी तिरपी ओढली गेली, आणि तिचें तोंड सरळ करण्याचें काम मी बिचाऱ्या आट्यांकडून करून घेत होतों. शिवाय धातु तापला कीं वाढतो. अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी २०० अंश सेल्सिअसनें तापली तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढते. ताणून बसविलेल्या नळीची ही वाढ सांध्यावरच येऊन आदळते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आट्यांवरील काजळी तारेच्या ब्रशानें काढावी व त्यांवर किंचित् ग्रॅफाइटचें ग्रीस लावावें. सांध्यांत मऊ कडें घालून नळी टेकवावी आणि आट्यांचें मोठें कडें केवळ हातानें, जाईल तितकें फिरवावें. हातानें फिरत नसेल तर तें वांकडें चढलें आहे. काढून पुन्हां लावावें. मग सायलेन्सर सैलच टांगावा. मागचा बोल्ट बोटांनीं भोकांत शिरला पाहिजे. न शिरल्यास मध्यें वायसर घालावा किंवा भोंक कानशीनें लांबट करावें, पण नळी ओढूं नये. नंतर प्रथम पुढचें कडें, मग मधला पट्टा व शेवटीं मागचा बोल्ट आवळावा. जावाला नळ्या दोन, तेव्हां सर्व दोनदां!

मऊ कडें निव्वळ तांब्याचें असेल तर एक गंमत करतां येते. दाबून दाबून तांबें कठीण होतें. तें मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकलें कीं पुन्हां मऊ होतें. पोलाद असें विझविल्यास उलट कठीण होतें. मात्र जुन्या कड्यांत ॲस्बेस्टॉस भरलेलें असूं शकतें. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. असें कडें तापवूं नये, खरवडूं नये, तर ओलें करून अलगद काढावें व नवें आणावें. बाजारांत सांधे भरण्याचा लेपही मिळतो. मला तो फारसा आवडत नाहीं, कारण वांकडा बसलेला सांधा त्याखालीं लपतो.

इंजिन मोकळ्या अंगणांत दहा मिनिटें चालवावें. बंद खोलींत कदापि नको; त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वासही नाहीं. थंड असतांनाच सांध्यावर साबणाचें पाणी सोडून इंजिन सुरू केलें तर गळतीच्या जागीं बुडबुडे येतात. पुढें गाडी तापल्यावर, जाड फडकें हातीं धरून, कडें आणखी थोडें आवळावें. मऊ कडें तेव्हां दबलेलें असतें. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हां एकदां पाहावें. आमच्या हुक-पान्याचा दांडा वीतभरच आहे, आणि वडिलांनीं त्यावर चढविण्याचा तो लोखंडी नळा त्याच आठवड्यांत भंगारवाल्यास देऊन टाकला.