दिवा लागला, चाकं लागली का?

मामाची पिकअप चिखलात रुतली तेव्हा फोर-एचचा दिवा मस्त चालू होता, पण पुढची चाकं ढिम्म! (कॉन्व्हेंटचं मराठी, सांभाळून घ्या.)

मित्रांनो, पार्ट-टाइम फोर-व्हील अशी तपासा. सपाट जागी फोर-एच टाकून थोडं सरळ चालवा. इंजिन बंद, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. ते अडलंच पाहिजे, कारण पुढचा शाफ्ट आता मागच्याशी जखडलेला असतो.

फिरलं तर वाकून बघा. गाडीखाली शिरू नका! शाफ्टही फिरतोय? ट्रान्सफर केस बघा. शाफ्ट स्थिर? मग हब. मामाचा डावा हब लागतच नव्हता, आणि डिफरन्शिअल सगळं फिरणं त्या सुट्या बाजूलाच देत होतं.