रिंगणात लाकूड पसरण्याआधी

चि. भाच्यास,


निमोण्याच्या माळावर आठ गुंठ्यांत घोडेस्वारीचं रिंगण करायचं आणि त्यात वाळूऐवजी लाकडाच्या ढलप्या पसरायच्या, असा तुझा बेत ताईकडून कळला. ढलप्यांची पहिली गाडी सांगूनही ठेवली आहेस म्हणे. बेत चांगला आहे; गाडी मात्र इतक्यात रिकामी करून घेऊ नकोस. लाकूड हा रिंगणाचा सगळ्यात वरचा थर. खरं काम त्याच्या खालच्या मातीत आहे, आणि एकदा लाकूड पसरलं की ते काम करायला सगळं उपसावं लागतं.

गावात कुणी विचारेल, घोड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्या तालुक्याला घोडं नवीन नाही. 1817 मध्ये उभी राहिलेली पूना ऑक्झिलरी हॉर्स ही फौज शिरूरच्या छावणीत बराच काळ होती. आजच्या भारतीय सैन्यातली पूना हॉर्स तिचाच वारसा सांगते. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत आजवर टिकला आणि अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. बैलगाड्याची बारी सुटली की बैलांच्या पुढं धावणारी घोडी तर शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पोरांना वेगळी सांगायला नको. 2014 पासून बंद पडलेले शर्यतींचे घाट डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं पुन्हा गजबजले, 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि शर्यतीची घोडी सांभाळण्याला पुन्हा अर्थ आला. त्यामुळं तुझ्याकडं येणारी पोरं दोन प्रकारची असतील: घाटासाठी घोडी तयार करणारी आणि स्वारी शिकू पाहणारी. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून शहरातले आईबापही मुलांना घोड्यावर बसवायचा विचार करू लागले असतील, तर नवल नाही. दोन्ही प्रकारच्या पोरांसाठी जमीन एकच असणार आहे, म्हणून ती विचारानं कर.

आधी घोडीचा पाय बघ. भरधाव असताना एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो. साडेतीनशे किलोच्या घोडीचा हिशेब केला तर एका खुरावर पावणेनऊशे किलो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. खूर टेकतो तेव्हा किंचित पुढं घसरतो, मग रुततो, मग सगळं वजन त्यावर येतं आणि शेवटी टोकावर जोर देऊन तो उचलला जातो. जमीन फार कठीण असेल तर टेकतानाचा धक्का खुरातून सांध्यांत चढतो. फार खोल आणि भुसभुशीत असेल तर पाय उपसताना नळीच्या मागची शीर ताणली जाते, आणि ती एकदा दुखावली की महिनोन्महिने घोडी दावणीलाच. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं 2014 मध्ये रिंगणांच्या जमिनींवर एक श्वेतपत्रिका काढली. तिच्यात चांगल्या जमिनीचे गुण सांगितले आहेत: टेकताना बसणारा धक्का कमी, भार झेलण्याची ताकद, पाय उचलताना मिळणारी उसळी, पकड, आणि या साऱ्या गोष्टी रिंगणात सगळीकडे सारख्या असणं. यातला शेवटचा गुण विकत मिळत नाही. तो रोजच्या मेहनतीनं येतो. कोपऱ्यात चार इंच आणि मध्ये आठ इंच थर असेल तर माल कितीही भारी असो, घोडी तिथंच अडखळते.

आता लाकडाकडं येऊ. लाकडी थराची पद्धत जिथं रुजली, ते मुलुख ओले आणि सूचिपर्णी जंगलांचे आहेत. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं वॉशिंग्टन, ऑरेगन, शेजारचं ब्रिटिश कोलंबिया, तिकडं ब्रिटन. हिवाळाभर पाऊस, पायाखाली चिखल, आणि शेजारी लाकडाच्या गिरण्या. चिखलाच्या वर उचलून धरणारं स्वस्त साधन म्हणून तिथं घोडेवाल्यांनी ढलप्या पसरल्या. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या सराववाटांवरही त्या वापरल्या जातात. आपल्या शिरूरकडं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या सरींत. आपली अडचण उरलेल्या महिन्यांतल्या धुळीची आणि विटेसारख्या वाळलेल्या जमिनीची. म्हणून त्यांनी चिखलासाठी काढलेला तोडगा आपण धुळीसाठी वापरत आहोत, हे ध्यानात ठेवूनच पुढचं सगळं ठरव. पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे हिरवळीवर धावतात, तिथला हंगामही पावसाळ्याचा. आपल्या माळावर ती हिरवळ जगवायला पाणी कुठलं? लाकडाचा मोठा गुण हा की ते ओल धरून ठेवतं आणि पायाखाली दबून पुन्हा उभारी घेतं.

त्याआधी बूड. तुझ्या माळाचा एक भाग मुरमाड आहे आणि ओढ्याकडचा भाग काळ्या मातीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर पसरलेलं काहीच सपाट राहत नाही. रिंगण मुरमाड बाजूला सरकव, चार पावलं लांब पडलं तरी चालेल. दोन फुटांचा खड्डा खण, पाण्यानं भर आणि पाणी किती वेळात जिरतं ते बघ. जिरत नसेल तर क्षारपड रानात निचऱ्यासाठी पुरतात तेच सच्छिद्र पाइप इथं पुरावे लागतील. त्यावर खडी, खडीवर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे खालची माती आणि वरचं लाकूड एकमेकांत मिसळत नाहीत. उतार शंभराला एक एवढाच ठेव. वाळूच्या रिंगणाला जास्त उतार चालतो, पण ढलप्या हलक्या असतात. वळवाच्या एका जोरदार सरीत त्या तरंगतात आणि सगळा माल खालच्या बांधाला जाऊन बसतो. म्हणून कडेला सिमेंटचे कर्ब लाव. जुने रेल्वे स्लीपर स्वस्तात मिळतील, ते घेऊ नकोस. त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं आणि घोड्यांना लाकूड कुरतडायची खोड असतेच.

मालाच्या बाबतीत मात्र इतका काटेकोर राहा की वखारवाला वैतागला तरी चालेल. ‘लाकडाच्या चिप्स’ म्हणून जे विकलं जातं त्यात बरंच काही असतं. बॉयलरमध्ये जाळण्यासाठी केलेला माल सालीसकट, पाल्यासकट आणि मातीसकट येतो. बॉयलरला काटा टोचत नाही, घोडीला टोचतो. बाभूळ आणि वेडी बाभूळ त्यासाठी बाद. सुबाभळीचं लाकूड सोलून आलं तर ठीक, पण पाला आणि शेंगा आल्या तर नको: त्यातल्या मिमोसिनमुळं घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. बागा आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटणीचा चुरा फुकट मिळाला तरी आणू नकोस. त्यात कण्हेर असते, आणि कण्हेरीची थोडी पानंही घोड्याचा जीव घ्यायला पुरेशी होतात. सुतारकामाच्या दुकानातल्या भुशात प्लायवूड, एमडीएफ, त्यांचा डिंक आणि रंग असतो. सागाचा बारीक भुसा माणसांच्याच कातडीला चुरचुरतो. काळ्या अक्रोडाच्या भुशावर उभं राहूनच घोड्यांचे खूर सुजतात हे अमेरिकेत चांगलंच माहीत झालेलं आहे. ते झाड आपल्याकडं नाही, पण परदेशी लाकडाचे तुकडे मिसळलेला माल आला तर ही गोष्ट आठव.

आपल्याजवळ चांगला पर्याय आहे तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या लाकडाचा. खोकी आणि पॅलेट बहुधा पाइनची असतात, म्हणजे अमेरिका-ब्रिटनकडचे लोक वापरतात त्याच प्रकारचं मऊ लाकूड. परदेशी माल ज्या पॅलेटवर येतो-जातो त्यावर गव्हाच्या लोंबीची खूण असलेला शिक्का असतो. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेनं प्रक्रिया केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते घेऊ नकोस. तेल किंवा रसायन सांडून काळी पडलेली फळी वेगळी काढ. चिपर चालवण्याआधी खिळे काढलेले असले, तरी माल आल्यावर मोठं लोहचुंबक दांड्याला बांधून प्रत्येक ढिगावर फिरव.

आणि एक घमेलं भरून पांढऱ्या मांजरपाटावर ओत. हातानं पसर. दोन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या, काडीसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या ढलप्या एका बाजूला, साली दुसऱ्या, पीठ झालेला भुसा तिसऱ्या. नेलगनच्या पिना सोनेरी रंगामुळं लाकडात मिसळून जातात, त्या बोटांनाच लागतात. पीठ मुठीत मावणार नाही एवढं निघालं तर माल परत. बारीक भुसा पहिल्या दिवशी गादीसारखा मऊ लागतो, पण वाळला की उडतो, भिजला की शेणकाल्यासारखा घसरतो, आणि त्यात वाढणारी बुरशी घोड्याच्या फुप्फुसांत जाऊन दम्यासारखा खोकला लावते. कोंदट वास येणारा ढीगही नको; बुरशी आत आधीच धरलेली असते.

हिशेब असा. 20 बाय 40 मीटर हे ड्रेसाजचं लहान रिंगण, म्हणजे 800 चौरस मीटर, तुझे आठ गुंठे. त्यावर 15 सेंटिमीटर थर म्हणजे 120 घनमीटर, आपल्या भाषेत 42 ब्रास. तोही दबून कमी होणार, म्हणून भर घालायला वेगळा माल लागणारच. पाणी बघ: एवढ्या जागेवर नुसता 5 मिलिमीटर शिंपडा मारायचा तर 4,000 लिटर लागतात. एप्रिल-मेमध्ये घोड धरणाच्या आवर्तनाकडं सगळा गाव डोळे लावून बसलेला असताना रोज एक छोटा टँकर रिंगणावर ओतणं बरं दिसणार नाही आणि परवडणारही नाही. लाकूड ओल धरतं म्हणून वाळूपेक्षा पाणी कमी लागेल, पण अजिबात लागणार नाही असं नाही. संध्याकाळी मार, रात्रीत मुरू दे. मूठ आवळल्यावर पाणी ठिबकलं तर जास्त झालं, हात झटकल्यावर धूळ उडाली तर कमी.

लाकूड कुजतं, आणि ते पसरलेल्या दिवसापासूनच कुजायला लागतं. काही वर्षांत खालचा थर काळा होतो, पाणी अडवतो आणि घोडी त्यावर घसरायला लागते. मग तो काढून नवा घालायचा. हा खर्च वैरणीसारखा दरवर्षीचा धर. लीद दिवसातून दोनदा उचलली तर कुजणं लांबतं. वाळवी येईलच. तिच्यासाठी क्लोरपायरीफॉससारखं शेतातलं औषध थरावर फवारू नकोस, घोडी तोंड लावतात. खडीचा थर नीट असला आणि कडेनं माती थराला भिडू दिली नाही, तर वाळवीच्या वाटा दिसतात आणि मोडता येतात. दुसरी धास्ती आगीची. शेजारच्या उसाचं पाचट पेटलं की ठिणग्या माळावर येतात, आणि मे महिन्यातल्या सुक्या ढलप्यांना एक पुरते. उसाच्या बाजूला दहा-बारा फूट पट्टा नांगरून मोकळा ठेव, पाण्याची मोटर रिंगणापर्यंत पाइपनं जोडून ठेव.

घाटाच्या घोडीबद्दल एक. वर्षभर मऊ लाकडावर पळालेली घोडी चढाच्या कडक मातीवर एकदम सोडली तर तिचे पाय तयार नसतात; हाडं, शिरा, खूर हे ज्या जमिनीवर राबतात त्या जमिनीसाठी घडतात. तिला आठवड्यातून काही फेऱ्या मातीवर, त्याही हळूहळू वाढवत. पालखीचे अश्व बघ. माउलींचे हिरा आणि मोती अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, मग पंढरीपर्यंत वाट तुडवतात, आणि रिंगणाच्या दिवशी साध्या मातीवर चौखूर उधळतात. मागं उठलेल्या टापांची माती वारकरी कपाळाला लावतात. तयारी मातीची असेल तर माती सोसते.

म्हणून सगळे आठ गुंठे एकदम करू नकोस. आधी दोरीवर घोडी गोल फिरवायला लागतं तेवढंच, 20 मीटर व्यासाचं एक वर्तुळ कर. ते तीन गुंठ्यांच्या थोडं वर, साडेसोळा ब्रास माल. लहान मुलांची चाल आणि दुडकी त्यावर उत्तम होते. एक परतीचा पाऊस आणि एक मे महिना त्यावरून जाऊ दे. दर पंधरवड्याला तीन ठिकाणी काठी खुपसून थराची खोली वहीत लिही, नालबंद येईल तेव्हा चारही खूर त्याच्याकडून तपासून घे आणि त्याचं म्हणणंही त्याच वहीत टिपून ठेव. त्या वहीवरून पुढच्या मोठ्या रिंगणात नुसतं लाकूड घ्यायचं, की धुतलेल्या क्रश सँडवर पातळ लाकडी थर घालायचा, हे तुलाच कळेल.

पहिला थर कुजला की फेकू नकोस, पण थेट कांद्याच्या वाफ्यातही घालू नकोस. कच्चं लाकूड मातीतला नत्र ओढून घेतं आणि पात पिवळी पडते. लीद आणि शेणाबरोबर थर लावून वर्षभर खड्ड्यात कुजव, अधूनमधून पाणी शिंपड आणि पुढच्या रब्बीला वापर.

ताईला नमस्कार. घोडीचे नाल बदलले की फोन कर.

तुझा,
मामा