डायव्हिंग मास्कची निगा
मालवण-तारकर्लीस पर्यटकांना समुद्रतळ दाखवण्याचा धंदा चांगला रुजला आहे. तेथे मास्क विकणाऱ्या वा भाड्याने देणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. कोऱ्या कापडाला खळ असते, तसा नव्या मास्कच्या काचेला आतून कारखान्यातला पातळ थर असतो. तो न काढल्यास काच सारखी धुरकटते आणि गिऱ्हाईक चांगल्या मालाला खराब म्हणून परत आणते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतून बोटाने चोळून धुवावी, दोन-तीनदा करावे. काच प्लास्टिकची किंवा लेप दिलेली असल्यास टूथपेस्ट लावूच नये, चरे पडतात. काही जण थुंकी चोळतात. भाड्याच्या मास्कला ते शोभत नाही, बेबी शाम्पूचा थेंब पुरे. समुद्रातून आल्यावर मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराजवळ ठेवल्यास डागाळते, म्हणून डबा वेगळा असावा.