डिडनंतर वेंट येत नाही, सर!

काळेवाडी फाट्याजवळच्या त्या इंग्रजीच्या क्लासचं नाव लिहीत नाही. फ्लेक्स अजून लटकतोय, हाताची घडी घातलेल्या सरांसकट.

शिफ्ट रिपोर्ट इंग्रजीत लागतो, म्हणून फर्स्ट शिफ्ट सुटली की भोसरीहून थेट क्लास. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आमची सुरुवात पाचवीला. सरांनी अनियमित क्रियापदांची तीन रकान्यांची झेरॉक्स हातात दिली. ए टू झेड, पाठ करा. पहिलंच क्रियापद ‘अबाइड’. एमआयडीसीत कोण अबाइड करतं?

मग टेस्ट. ‘काल मी कंपनीत गेलो नाही.’ मी लिहिलं, ‘आय डिड नॉट गो’. सरांनी लाल पेनानं ‘गो’ खोडून ‘वेंट’ केलं. मी म्हटलं, सर, भूतकाळ ‘डिड’मध्येच आला ना? “तुम्ही शिकायला आलात की शिकवायला?” अख्खी बॅच हसली. ते हसू अजून कानात आहे. घरी मुलीचं व्याकरणाचं पुस्तक उघडलं. स्वच्छ छापलेलं: ‘डिड नॉट’पुढे मूळ रूप. दुसऱ्या दिवशी पान दाखवलं, तर म्हणे, “स्पोकनमध्ये चालतं.” नाही चालत हो!

म्हणून फी भरायच्या आधी सरांनाच विचारा, ‘मी काल बघितलं नाही’ इंग्रजीत सांगा. ‘डिड नॉट’पुढे ‘सॉ’ आलं की चपला घाला.

ती यादी ए टू झेड घोकू नका. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, सी, कम ही सगळ्यात जास्त लागणारी, आणि सगळीच नियमाबाहेरची. रोज तोंडात असल्यानं त्यांची जुनी रूपं टिकली. कमी वापरातली बरीच ‘ईडी’च्या रांगेत गेली. आपलं तरी काय? जा-गेला, ये-आला, कर-केला. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं ते नियम पाळूनच.

पुढची जोड्यांनी घ्या. कट, पुट, शट, हिट बदलत नाहीत. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट. रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक, पण ब्रिंगचं ब्रॉट, तिथे भलेभले फसतात. ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार ‘रेड’ होतो, म्हणून मोठ्यांदा वाचा. मी रोजच्या लॉगवरच सराव केला: टूल ब्रोक, क्रॅक फाउंड, पार्ट सेंट. सराव करा, लाजू नका, वगैरे सगळे सांगतातच.

पावती मात्र जपा आणि तिच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचा. माझ्या पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ होतं. तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी पैसे सोडले आणि एवढंच म्हटलं, पेपरवरची ती लाल रेघ तरी खोडा. सर फोनवर बोलत आत निघून गेले.