दारू सोडवण्याच्या उपचारात घरच्यांचा गट : ईटमध्ये कसा बसवावा

दारू एकटा पितो, पण उधारी झाकणं, मालकाला ‘ताप आलाय’ म्हणून निरोप धाडणं, रात्रभर वाट पाहणं घरच्यांच्या वाट्याला येतं. यात पिणाऱ्याचं भागत राहतं आणि घर खचत जातं. म्हणून उपचार घरच्यांनाही लागतो. अमेरिकेत १९५१ साली ‘अल-अनॉन’ हे पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचं संघटन उभं राहिलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात तो असा बसवता येईल.

१. दोघीतिघींपासून सुरुवात करा. फलक नको, दवंडी नको. गावात सगळे ओळखीचे. ज्यांचं दुःख ठाऊक आहे त्यांनाच एकेकटं गाठून विचारा. आशाताईंची मदत घ्या. आई, बाप, भाऊ, मोठी मुलंही चालतील. एकाच घरातल्या सासू-सुनेला मोकळं बोलता येत नसेल, तर वेगळं बसवा. बचत गटाच्या बैठकीत हे मिसळू नका; तिथे हप्त्याचा हिशोब असतो, मन उघडत नाही.

२. वार आणि जागा ठरवा. कुणाच्या घरी नको. शाळेची रिकामी खोली किंवा देवळाची ओवरी बरी. दूध घालून, खव्याच्या भट्टीचं काम उरकल्यावर तासभर बसा. बाजाराचा वार सोयीचा. घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही.

३. पहिल्याच दिवशी तीन नियम ठरवा. इथलं इथंच राहील. कुणी कुणाला सल्ला देणार नाही, फक्त आपला अनुभव सांगेल. वर्गणी आणि राजकारण बाहेर.

४. प्रत्येकीला पाच मिनिटं द्या. ‘त्यानं काय केलं’ यावर नव्हे, ‘तेव्हा मी काय केलं’ यावर बोलायचं. सुरुवातीला गाऱ्हाणीच निघतील. ती ऐका, मग हळूच विचारा : ‘मग तुम्ही काय केलंत?’ जिला बोलायचं नसेल, तिनं नुसतं बसावं.

५. उठताना एकच बदल ठरवा. जसं, या आठवड्यात दारूची उधारी फेडणार नाही. किंवा खोटा निरोप देणार नाही. किंवा तो प्यालेला असताना भांडणार नाही. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना. पुढच्या बैठकीत जमलं का, एवढंच सांगा.

६. उपचाराशी जोडून घ्या. तो ‘सोडतो’ म्हणाला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. व्यसनमुक्ती केंद्राच्या माहितीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरातच अचानक तोडू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो; तसं दिसलं तर ताबडतोब १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

७. तो उपचार घेऊन परतल्यावर गट बंद करू नका. खरी कसोटी इथून पुढे. पोळा, लग्नसराई, ऊसतोडीची उचल हातात येण्याचे दिवस आधीच ओळखून ठेवा : पैसे कुणाकडे राहतील, सोबत कोण असेल, पुन्हा प्याला तर कुणाला फोन करायचा. पुन्हा पिणं या आजारात घडतं. टोमणे मारण्याऐवजी उपचाराला परत न्या.

सावधान : चहा-भाजीतून गुपचूप औषध देऊ नका. दारूशी न जुळणाऱ्या गोळीवर तो प्याला तर जिवावर बेतू शकतं. मारहाण होत असेल, तर समजूत घालत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. गट हे सहन करायला शिकवण्यासाठी नाही.

सहा महिन्यांनी पडताळा घ्या. किती जणांची सुटली, हा गटाचा हिशोब नव्हे. ते आपल्या हातात नाही. मुलं शाळेत नियमित जातात का, रात्री झोप लागते का, खोटं बोलणं थांबलं का, हे विचारा. तो अजून पीत असला, तरी ही उत्तरं बदलू शकतात.