विजेटावरचे शिळे ऊन

हलका धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असताना, लाखांदूरकडील आमच्या मामांच्या फोनवर, होम स्क्रीनच्या अगदी अग्रभागी, हवामानाचे विजेट निरभ्र आकाश दाखवीत होते. त्यावर विसंबून मामांनी पुंजणे घालण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले, आणि त्याच रात्री पाऊस कोसळला. फोन हाती घेऊन पाहतो, तो ते ऊन दोन दिवसांपूर्वीचे निघाले. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असल्यामुळे विजेटाला ताजी खबर आणण्याची मुभाच उरली नव्हती, आणि दाखविलेली खबर केव्हाची, हे नमूद करण्याची तसदी त्याच्या कर्त्याने घेतली नव्हती.

अशी विजेटे रचणे हा माझाही व्यवसाय असल्याने समव्यावसायिकांना मी आग्रहाने सांगतो, की आकड्याखाली त्याची वेळ लिहावी, आणि तीही 'आत्ताच' अशी मोघम नव्हे, तर तारखेसह घड्याळातली. कारण विजेट गोठले, की 'आत्ताच' हा शब्दही त्याच्यासह गोठतो आणि बिनदिक्कत खोटे बोलू लागतो. मुदत उलटताच आकडा फिका करावा, फार जुना झाल्यास काढूनच टाकावा. चौकट रिकामी दिसली, तर मनुष्य निदान मान वर करून आभाळ तरी पाहील.

ताजेपणाचा अतिरेकी सोस मात्र नको. अँड्रॉइडचा शिरस्ता असा, की विजेटाला नेमून दिलेली नियतकालिक फेरी अर्ध्या तासाहून लवकर होत नाही. आयफोनवर नित्य पाहिल्या जाणाऱ्या विजेटासही दिवसाकाठी साधारणतः 40 ते 70 वेळाच मंजुरी मिळते. हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज तीन तासांपुरता असताना दर अर्ध्या तासाने तीच विचारपूस करण्यात काय हशील? नदीची गोष्ट निराळी. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर वैनगंगा भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली; अशा प्रसंगाची इत्तला विजेटावर सोपवूच नये, तिच्यासाठी आवाज करणारी सूचनाच हवी.

राहता राहिली लिपी. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळ आखली, की 'पवनी'ची वेलांटी वरून छाटली जाते आणि 'तुमसर'चा उकार खालून. म्हणून हीच दोन नावे घालून, अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या फोनवर रचना तपासावी. जागा अपुरी पडल्यास आर्द्रता, वाऱ्याचा वेग, सूर्यास्त हा सगळा सरंजाम खुशाल वगळावा, परंतु पावसाचा अंदाज आणि त्याखालची वेळ यांना हात लावू नये.