लहान संगणक व घरचा चित्रपट



‘मूर्ति लहान पण कीर्ति मोठी’ ही म्हण आपण माणसांविषयीं वापरतों. ती एका यंत्रालाहि कशी लागू पडते, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. हें यंत्र म्हणजे डब्याएवढा लहान, थोडी वीज खाणारा संगणक. तो टेलिव्हिजनच्या मागें ठेवितात, एचडीएमआयच्या एकाच तारेनें चित्र व ध्वनि हीं दोन्ही पडद्याकडे नेतात, आणि डिस्कवर सांठविलेले चित्रपट घरबसल्या पाहतात.

गेल्या वर्षीं आम्हीं असा एक जुना संगणक विकत घेतला. आमच्या वृद्ध मातोश्रींना गुडघेदुखीमुळें प्रवास झेपत नाहीं. पुतणीचें लग्न परगांवीं झालें, तें त्यांना पाहतां आलें नाहीं. निदान पडद्यावर तरी त्यांनीं तें पाहावें, एवढाच हेतु होता. परंतु चित्र सुरू झालें तें अडखळतच. नवरी दोन पावलें चाले, थांबे, आणि एकदम चार पावलें पुढें दिसे. ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे! विक्रेत्यानें निर्वाळा दिला, “मास्तर, यंत्रांत आतां जीव राहिला नाहीं, मोठें घ्या.” मोठ्या यंत्राची किंमत म्हणजे आमचा एक महिन्याहून अधिक पगार. पैसे मोजण्यापूर्वीं दोष नक्की कोठें आहे तें तरी पाहावें, असें आम्हीं ठरविलें. त्या शोधांत जें शिकलों, तेंच येथें देत आहों.

प्रथम थोडें गणित करूं. आजच्या नेहमींच्या मोठ्या चित्रांत आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास ३ बाइट व दर सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर एका सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट होतात. या हिशेबानें दोन तासांचा एकच चित्रपट एक टेराबाइटची डिस्क भरून सांडेल! प्रत्यक्षांत मात्र तो पांच-सातशें कोटी बाइटांत चांगला बसतो.

ही किमया कशी घडते? शेतांतून बैलगाडी चालली आहे अशी कल्पना करा. बांध, विहीर, आंब्याचें झाड हीं जागच्या जागीं असतात. हलते ती गाडी. म्हणून एक चित्र पुरें लिहितात, आणि पुढच्या कित्येक चित्रांसाठीं ‘गाडी इतके ठिपके उजवीकडे सरकली’ एवढाच फरक नोंदवितात. शिवाय जे सूक्ष्म भेद डोळ्यांस कळत नाहींत, ते गाळून टाकतात. पाहतांना या टिपणावरून प्रत्येक चित्र पुन्हा उभें करावें लागतें, आणि तेंहि एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत. उशीर झाला कीं चित्र अडखळलेंच.

असें टिपण लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. डीव्हीडीवर एमपेग-२ ही पद्धति असते. २००३ सालीं एच.२६४, २०१३ सालीं एच.२६५ आणि २०१८ सालीं एव्ही१ या पद्धती निघाल्या. त्यांना आपण लिपी म्हणूं. ज्याला मोडी येते असा साधा कारकूनहि जुन्या दप्तरांतील कागद भराभर वाचून दाखवितो. पण केवळ बालबोध जाणणारा मोठा पंडित तोच कागद अक्षर अक्षर लावीत बसतो. संगणकांतहि असे दोन वाचक असतात. मुख्य प्रोसेसर हा पंडित. प्रोग्रामच्या साह्यानें त्याला कोणतीहि लिपि लावतां येते, पण श्रम फार पडतात. डिकोडर नांवाचें एक लहानसें विद्युन्मंडल हा कारकून. त्याला ठरावीक लिपीच येतात, पण त्या तो थोडक्या विजेंत व बिनचूक वेगानें वाचतो.

या भेदाचा इतिहास बोधप्रद आहे. २००८ सालीं इंटेल कंपनीनें ॲटम हा अल्पशक्ति प्रोसेसर काढला. पत्रव्यवहार व हिशेब यांस तो पुरेसा होता. परंतु १०८० रेषांचा एच.२६४ चित्रपट एकट्यानें वाचतांना तो दमून जाई. २००९ सालीं त्याच प्रोसेसरला एनव्हिडिया कंपनीच्या आयन या संचाची जोड मिळाली. त्या संचांत डिकोडर होता. आणि दुबळा समजला गेलेला तोच संगणक मोठे चित्रपट सहज दाखवूं लागला. फेब्रुवारी २०१२ मध्यें इंग्लंडांत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ३५ डॉलरांस विकावयास निघाला. त्याच्या प्रोसेसरचा वेग अवघा ७०० मेगाहर्ट्झ, तरी डिकोडरमुळें १०८० रेषांचे एच.२६४ चित्रपट तो दाखवीत असे. डीव्हीडीची एमपेग-२ लिपि वाचण्याचा परवाना मात्र निराळा विकत घ्यावा लागे. याच्या उलट २०२३ सालच्या रास्पबेरी पाय ५ मध्यें एच.२६५ चा डिकोडर आहे, पण एच.२६४ चा नाहीं. तें काम त्याचा पुष्कळ बळावलेला प्रोसेसरच करतो. तेव्हां नवें यंत्र म्हणजे सर्व बाबतींत अधिक, असें नव्हे.

आमच्या संगणकाचा दोष आतां उघड झाला. तो २०१२ सालीं बनलेला, आणि लग्नाचा चित्रपट एच.२६५ मध्यें लिहिलेला. जी लिपि २०१३ सालीं ठरली, ती त्याच्या कारकुनास कशी यावी? सारा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडत होता. एका मोठ्या संगणकावर रात्रभर काम चालवून आम्हीं त्या चित्रपटाची एच.२६४ मध्यें नक्कल करून घेतली, आणि आमचें तेंच जुनें यंत्र न अडखळतां चालूं लागलें. यांत एक तोटाहि आहे. अशा प्रत्येक नकलेंत चित्रांतील कांहीं बारकावे नाहींसे होतात. यास्तव मूळ प्रत केव्हांहि पुसून टाकूं नये.

ज्यांना असा संगणक घ्यावयाचा असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आपल्याजवळील चित्रपट कोणत्या लिपींत आहेत तें पाहावें; व्हीएलसीसारखा प्रोग्राम ही माहिती देतो. दुसरी, यंत्राचा डिकोडर त्या लिपी जाणतो काय, हें निर्मात्याच्या पत्रकांत शोधावें. तिसरी, डिकोडर असूनहि प्रोग्राम त्याचा उपयोग करीत नसेल, तर ती सोय सेटिंगमध्यें चालू करावी. चौथी, चित्रपट बहुधा सेकंदास २४ चित्रांचा असतो, आणि पडदा ६० वेळां उजळतो; मग एक चित्र दोनदां व पुढचें तीनदां दाखवावें लागतें, आणि संथ सरकणारें दृश्य किंचित् हिसके खातें. हा यंत्राचा अशक्तपणा नव्हे. टेलिव्हिजनला मान्य असल्यास पडद्याचा वेग चित्रपटाशीं जुळविला कीं काम भागतें.

विजेचाहि हिशेब पाहूं. १५० वॅटचा मोठा संगणक रोज तीन तास चालविला, तर तीस दिवसांत साडेतेरा युनिट वीज लागते. १५ वॅटच्या लहान यंत्रास सुमारें सव्वा युनिटाहून थोडी अधिक. परंतु ‘थोडी तर खातो’ असें म्हणून तेंच लहान यंत्र रात्रंदिवस चालू ठेविलें, तर महिन्यास जवळजवळ अकरा युनिट होतात! काटकसर यंत्रांत असून भागत नाहीं, ती वापरणाराच्या हातांतहि असावी लागते.

मातोश्रींनीं तें लग्न पुरें पाहिलें, आणि मंगलाष्टकांचा भाग पुन्हा लावावयास सांगितला. आम्हांस मात्र त्या रात्रीं आमचा वर्ग आठवला. धडा वाचतांना अडखळणाऱ्या मुलास ‘याच्यांत जीव नाहीं’ असें आपण किती लवकर म्हणून मोकळे होतों! त्याच्यापुढें ठेविलेली लिपि त्याला कोणी शिकविली होती काय, हा प्रश्न आधीं विचारावयास हवा. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ, हें खरेंच. पण युक्ति ही शिकविल्यावांचून येत नाहीं, एवढें त्या डब्याएवढ्या यंत्रानें आम्हांस शिकविलें.